रंगाआधीचा महिना

पाटी नसलेल्या दुकानातून मी शक्यतो काही घेत नाही. पाटी नाही म्हणजे बिलाचा भरवसा नाही, आणि बिल नाही म्हणजे उद्या भांडायला जागा नाही. ऑफिसात वर्षानुवर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासून लागलेली ही सवय आहे आणि तिने माझं आजवर नुकसान केलेलं नाही. तरीही माझ्या बायकोची सायकल मी लालबागमधल्या एका जुन्या कंपाउंडात, मसाला कांडायच्या गिरणीमागच्या बिनपाटीच्या गाळ्यात करायला टाकली. तिला लागत होती तशी सायकल कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. पाईप कापण्यापासून सगळी सायकल हाताने बनवणारा माणूस इथे बसतो, असं तिच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणतो.

पहिल्या भेटीत त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. कानस खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काल येऊन गेलात ना?"

गेलो होतो. सुनंदाला, म्हणजे बायकोला, घेऊन जाण्याआधी जागा कशी आहे ते बघावं म्हणून आदल्या दिवशी कंपाउंडात एक चक्कर मारली होती. पण गाळ्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि आतून मला कोणी पाहिलं असणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिंकला नाहीत. बाजूला मिरची कुटतायत. पयल्यांदा येणारा माणूस दारातच शिंकतो. वहिनींना बघा." सुनंदा तोंडावर रुमाल धरून उभी होती. "न शिंकणारा आधी नाक मुरवून गेलेला असतो. म्हणजे तो आमच्या धंद्यातला, नायतर बिल्डरचा माणूस. तुम्ही कोण?"

"मी ऑडिटमध्ये आहे."

"म्हणजे त्याहून वाईट," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा कानस उचलली.

एका चकरेत नाक मुरतं हा सिद्धांत मला आजही पटलेला नाही. पण उत्तर बरोबर आलं होतं, हे मान्य करायला हवं.

संशय हे त्यांचं पहिलं हत्यार. करवत, कानस, गॅसची बत्ती त्यानंतर. नवा पाईप आला की ते तो सुतळीला टांगून खिळ्याने वाजवत आणि डोळे मिटून ऐकत. आवाज जरा बसका वाटला की पाईप परत. "पाईपवाला सज्जन वाटतो हो," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "सज्जन हाय म्हणून तर दोनदा वाजवला. चोराचा एकदाच वाजवतो, त्याचं माहीत असतं." वायशरपासून बॉलबेअरिंगपर्यंत प्रत्येक वस्तूला ते आधी बोट लावत आणि मग तेच बोट जिभेला. तेलाची भेसळ, लोखंडाचा गंज, कुणाच्या घामट हातातून माल आलाय ते, सगळं जिभेला कळतं, असा त्यांचा दावा होता. मला ते किळसवाणं वाटे. सुनंदाला हसू येई.

माप घ्यायची तऱ्हा तर सरळसरळ फसवणुकीची वाटली. टेप कुठे दिसेना. आम्ही दोघं स्टुलांवर बसलेलो, आणि मिस्त्री सुनंदाला म्हणाले, "वहिनी, गेटवर चहावाला आहे. चार कटिंग सांगून या."

"मी जातो ना," मी उठलो. "तिचा गुडघा..."

"सायकल कोणाची? त्यांची. मग चहा त्याच सांगतील."

मला वाटलं, फुकट चहाची सोय आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे असंच पिटाळतात, हेही मी दोन-तीन खेपांत बघून ठेवलं. फार पुढे लक्षात आलं की चहा त्यांना नकोच असायचा. अर्धा गिरणीवाल्याकडे जायचा. त्यांना पाठमोरं चालणं बघायचं असे. "समोरून माणूस तुमच्यासाठी चालतो, मागून स्वतःसाठी चालतो," हे त्यांचं म्हणणं. परत आल्यावर मग खुणा केलेली बांबूची कामटी निघे आणि पाय, मांडी, हात मापले जात. कामटीवर आकडे नव्हते. आकडे का नाहीत विचारलं तर म्हणाले, "आकडे लिहिले की कोणीही वाचतो."

गाळ्यात त्यांच्याखेरीज एक ताई होत्या. सायकलची चाकं त्या बांधत. परळच्या चाळीत वाढलेल्या, वडील कापडगिरणीत फिटर. त्यांच्या बाजूला फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्याभोवती टांगलेली चाकं, आणि सगळं कसं लख्ख. गाळ्याच्या मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता. पट्ट्याच्या अलीकडे मिस्त्री, पलीकडे ताई. दोघं एकमेकांशी बोलत नसत. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. मिस्त्रींच्या मते ताईंनी एकदा त्यांचा पाना न विचारता घेतला. ताईंच्या मते असा पाना कधी अस्तित्वातच नव्हता. बोलायचं झालं की समोर जे गिऱ्हाईक असेल त्याच्यामार्फत.

"दादा, त्यांना सांगा, मागचं चाक धरणारा काटा बघून घ्या म्हणावं. चाक डावीकडे झुकतंय."

"साहेब, त्यांना सांगा, काटा सरळ आहे. चाकच डाव्या विचारांचं असंल."

"त्यांना सांगा, माझ्या विचारांपर्यंत त्यांनी येऊ नये. हात पुरणार नाही."

मी मध्ये बसून टपालखात्याचं काम करायचो.

पण एक गोष्ट माझ्या धंद्यातली होती म्हणून लक्षात आली. फ्रेम जोडून झाली की मिस्त्री तिच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकांपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणत आणि मधल्या पाईपापासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का ते बघत. मग ते हात धुवायला गेले की ताई पट्टा ओलांडून येत, स्वतःचा दोरा काढत आणि तेच पुन्हा तपासत. ताई पाणी भरायला गेल्या की मिस्त्री त्यांच्या चाकाची एकेक तार नखाने छेडून कान लावत. दोघांनाही दुसऱ्याचं हे ठाऊक होतं, आणि दोघंही ते मान्य करायचे नाहीत. आमच्या ऑफिसात एका सहीवर दुसरी सही लागते. पण दोन्ही सह्या करणारे दुपारी एकाच डब्यातून जेवतात, त्यामुळे दुसऱ्या सहीला अर्थ उरत नाही. इथे होता.

त्या कंपाउंडाला आता पत्रे ठोकलेत. गिरणी बंद झाली, गाळे रिकामे झाले. मिस्त्री आणि ताई वसईकडे कुठेतरी गेले असं ऐकतो. एकाच टेम्पोतून गेले, आणि टेम्पोवाला वाटभर दोघांचे निरोप पोचवत होता, असंही गिरणीवाल्याने सांगितलं. त्याच्या सांगण्यातलं निम्मं मी वजा करतो.

सुनंदाच्या सायकलीमागची गोष्ट अशी. रस्ता ओलांडताना एका मोटरसायकलने तिला उडवलं होतं. उजव्या गुडघ्यात सळई घातली. नंतर गुडघा पुरता वाकेना. बसच्या पायऱ्या, बसमध्ये उभं राहणं, लांब चालणं, सगळं बंद. पायडल मारणं मात्र चालेल, उलट चांगलंच, असं फिजिओथेरपिस्टचं मत. ती परळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. शाळेने तिची जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवली होती. सुट्टीनंतर रुजू व्हायचं, नाहीतर सोडायची. मी म्हणत होतो, सोड. घर चालतं आहे. ती म्हणाली, "लहानपणी मी सांगलीत सायकलवरून शाळेत जात होते. आताही जाईन." आणि वर्गात ओरडून सांगावं तसं आणखी एकदा म्हणाली, "जाईन."

मिस्त्रींनी तिच्यासाठी उतरत्या दांडीची फ्रेम केली. उजव्या पायडलचा दांडा डाव्याहून आखूड, म्हणजे गुडघ्याला कमी वाकावं लागेल. सीटच्या मागे दप्तर अडकवायला लोखंडाची एक जाड कडी जोडली. ती बसली तेव्हा मिस्त्रींनी तिचा पाय पायडलवर कसा ताठ होतो ते खाली बसून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. त्यांना मान हलवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ताई पट्ट्यापलीकडून म्हणाल्या, "दादा, त्यांना सांगा, वहिनी चढल्या बरोबर. उतरताना बघा म्हणावं."

"साहेब, त्यांना सांगा, चाकवाल्यांनी चाकाचं बघावं."

मी दोन्ही निरोप पोचवले.

मग खरी भानगड. सायकलीला रंगच नव्हता. नुसतं करडं लोखंड, आणि जोडांवर पितळेचे पिवळे डाग. "न्या," मिस्त्री म्हणाले. "महिनाभर वापरा. तेल लावायचं नाय, फडकं मारायचं नाय. मग आणा. तेव्हा रंग."

"गंजेल."

"गंजायलाच देतोय. रंग म्हणजे झाकण. डब्यात काय आहे ते बघितल्याशिवाय मी झाकण लावत नाय. जोडाला बारीक तडा असला तर गंज तिथं रेघ मारतो. घाम कुठं पडतो, हात कुठं लागतो, सगळं दिसतं."

"आणि महिन्याने तुम्ही रंगवायला नकार दिलात तर? मला हे लिहून द्या."

त्यांनी खडू घेतला, भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'वहिनी, रंग बाकी' लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. "सही करा." मी सही केली नाही. फोटो मात्र काढून ठेवला.

शाळा सुरू झाली. रोज सकाळी मी गॅलरीत उभा राहून बघायचो. ती सरळ बसून पायडल मारत जायची आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळायची. शेजारचे काका खालून ओरडायचे, "अहो बाई, रंगाला पैसे उरले नाहीत का?" ती घंटी वाजवायची. चित्र चांगलं होतं. पण संध्याकाळी गुडघा सुजलेला असायचा. आधी थोडा, मग जास्त. मी शिवणाच्या टेपने दोन्ही गुडघे मापू लागलो. फरक दर आठवड्याला वाढतच होता. आकडे खोटं बोलत नाहीत. आकडे नसलेल्या कामटीने माप घेतलं की असंच होणार, याबद्दल मला शंका उरली नाही. "बस झालं," मी सुनंदाला म्हटलं. "शाळेला कळवून टाकू." ती वह्या तपासत राहिली. एरवी ती वाद घालते.

महिना संपल्यावर शनिवारी आम्ही दोघं गाळ्यात गेलो. सायकल मी ढकलत नेली. आत शिरल्या शिरल्या मी म्हणालो, "मिस्त्री, माप चुकलंय. हिचा गुडघा बघा."

मिस्त्रींनी गुडघ्याकडे बघितलं नाही. सायकल स्टँडवर चढवली आणि तिच्याभोवती हात मागे बांधून फिरले. अंगभर फिकट तांबूस थर आला होता. "जोड चांगले आहेत," ते म्हणाले. "साहेब, त्यांना विचारा, चाक वाकडं धावत असंल."

"त्यांना विचारा, फ्रेम पिळली असेल."

त्या दिवशी कोणी हात धुवायला गेलं नाही की पाणी भरायला. ताई उघडउघड पट्टा ओलांडून आल्या आणि दोरा ताणला. मिस्त्रींनी उघडउघड तारा छेडल्या. दोघांनाही एकमेकांच्या कामात काही सापडलं नाही. दोघांचेही चेहरे पडले.

मग ताईंनी मागच्या चाकाच्या दोन तारा चिमटीत दाबल्या आणि थांबल्या. "दादा," त्या म्हणाल्या, "माणूस बसून सायकल चालली की तारा आपापल्या जागी बसतात. थोड्या ढिल्या होतात. ह्या मी बांधल्या तशाच आहेत."

मिस्त्रींनी पायडल वळवून बघितलं. रबरावरची नक्षी कोरी करकरीत. हँडलच्या मधोमध बोट फिरवून जिभेला लावलं. "इथं कपाळाचा घाम पडतो. चालवणाऱ्याचा. इथं काय नाय." मग ते सीटमागच्या कडीपाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. कडीवर गंजाचे चार गडद पट्टे होते, शेजारी शेजारी. चार बोटांचे.

"वहिनी," ते म्हणाले, "ही सायकल कोणी चालवलेली नाय. हिला हाताला धरून शाळेत नेलीय."

माझं डोकं सणकलं. "हे बघा मिस्त्री, स्वतःचं माप चुकलं की गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं, हा धंदा मला कळतो. मी रोज डोळ्यांनी बघतो तिला..."

"अहो, थांबा," सुनंदा म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत बघता तुम्ही."

पहिल्याच दिवशी सिग्नलला ती थांबली. मागे बस. पाय खाली सोडला तर जमीन लागेना. सीट उंच होती आणि सीटवरून पटकन पुढे सरकायला उजवा गुडघा साथ देत नव्हता. फुटपाथच्या कठड्याला धरलं म्हणून पडली नाही. तेव्हापासून ती हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर पाय टेकून उतरायची आणि कडीला धरून, सायकलवर भार टाकत, शाळेपर्यंत चालत जायची. येतानाही तसंच, पायरीवरून चढून शेवटचा तुकडा बसून.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणताय, हा माणूस फसवणार. त्यांनी फसवलं नव्हतं. सायकल चांगली आहे. भीती मला वाटते. हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी शाळा सोडायला लावली असती."

लावली असती.

मिस्त्री स्वतःशीच बोलत होते, आणि संतापले की ते मालवणीत बोलत. "माप बरोबर आसा. बसल्यावर बरोबर आसा. मगे..."

"दादा, त्यांना सांगा," ताई हळू म्हणाल्या, "उतरताना बघा म्हटलं होतं."

हा निरोप मी पोचवला नाही. पोचलेला दिसत होता.

मिस्त्रींनी चष्मा पुसला. "वहिनी, चहा सांगून या. पण मी थांबा म्हटलं की थांबायचं. तसंच्या तसं." ती निघाली. "थांबा!" ती थांबली. "चला. थांबा!" कंपाउंडातली माणसं बघायला लागली. दर वेळी ती डावा तळवा सपाट टेकायची, सगळा भार त्यावर टाकायची आणि मगच उजवा पाय जवळ ओढायची.

"इतकी वर्षं लोकांना चालताना बघतोय," मिस्त्री म्हणाले. "थांबताना कोणाला बघितलंच नाय."

त्यांनी खडूने जमिनीवर सायकल काढली आणि शेजारी दुसरी. दुसरीत सीट खाली आणि मागे, पायडल पुढे. पाय तेवढाच ताठ होणार, पण थांबल्यावर तळवा जमिनीला टेकणार. तसं करायचं तर फ्रेम मधून कापायला हवी. ताईंनी चमकून बघितलं. पुरी झालेली फ्रेम मिस्त्रींनी कधी कापली नव्हती. लोक आणायचे तेव्हा ते सरळ हाकलून द्यायचे.

त्यांनी करवत लावली. मधला पाईप सुटला आणि मागचा भाग लोंबायला लागला. एका हातात बत्ती, दुसऱ्या हातात पितळेची कांडी, पाईप धरायला हात नाही. मी पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"धर गो," ते म्हणाले.

ताई आधीच पट्ट्याच्या अलीकडे आल्या होत्या. "धरलंय."

"हलव नको."

"हलतंय तुमचं."

पितळ वितळून जोडात भरेपर्यंत दोघं तसेच, डोकी जवळ जवळ. जोड थंड झाला तेव्हा ताई उठून आपल्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्यांना सांगा, दोरा लावून बघते म्हणावं."

पुढच्या शनिवारी सायकल तयार होती. पुन्हा करडी, पुन्हा बिनरंगाची. भिंतीवरचं 'रंग बाकी' तसंच होतं. सुनंदाने कंपाउंडात एक फेरी मारली. मिस्त्री ओरडले, "थांबा!" तिचा डावा तळवा सपाट टेकला. पुन्हा फेरी, पुन्हा "थांबा!" गिरणीवालाही ओरडायला लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला गप्प केलं.

"महिना पयल्यापासून," ते मला म्हणाले.

"म्हणजे या खेपेला चालवली की ढकलली, ते कळायला मला महिना थांबायचं?"

मिस्त्री हसले. वरचे दोन दात नव्हते, ते मला तेव्हा कळलं. "आता आलात लाईनीवर," ते म्हणाले. "कशाला थांबता? वाचायला शिकवलं ना तुम्हाला?"

सुनंदा सायकलवरून पुढे निघून गेली. मी चालत घरी आलो. जिन्याखाली सायकल नव्हती. हार्डवेअरच्या दुकानाशी जाऊन पायरी बघितली. तिथे एक मांजर बसलं होतं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. रेलिंगला धरून कोणी उभं आहे का, कुठे गर्दी जमली आहे का, तेही बघितलं. मोबाइल काढला आणि परत ठेवला. चालवत असेल तर वाजायला नको.

बऱ्याच वेळाने ती परळच्या बाजूने आली. घंटी वाजवली, माझ्यासमोर थांबली, तळवा टेकला.

"कुठे गेली होतीस?"

"शाळेपर्यंत."

"आज शाळा बंद असते."

"मला माहीत आहे."

"सगळी वाट बसून? जाताना आणि येताना?"

तिने सायकल माझ्या हातात दिली. "तुम्ही तपासा," म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली.

मी सायकल जिन्याखाली नेली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हँडलच्या मधोमध बोट टेकवलं. ओलं होतं. पण वरून कोणी झाडांना पाणी घातलं असेल, तेही ठिबकू शकतं. म्हणून बोट जिभेला लावलं.

खारट होतं.